हजेरीपटातली आडवी रेघ

निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. मोठमोठ्या गुन्ह्यांचे तपास आता धूसर होत चालले आहेत. पनवेलचे हे लहानसे प्रकरण मात्र मनातून गेलेले नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. तरी ते माझ्या हातून झाले याचे मला समाधान आहे, आणि ज्यांच्यामुळे झाले त्यांचे ऋण मी मानतो.

दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट. मी तिथल्या एका ठाण्यात पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून रात्रीची स्टेशन डायरी वाचत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदार आत आले. "बाहेर एक मासेवाली बाई बसलीय, सर. तक्रार नाही म्हणते. साहेबांना काहीतरी विचारायचंय एवढंच सांगते."

टेबलावर फायलींचा ढीग होता. उद्या यायला सांगा, असे शब्द माझ्या ओठांवर आले होते. का कोण जाणे, मी म्हणालो, "पाठवा."

बाई पन्नाशीची, उरणकडच्या कोळीवाड्यातली. पनवेलच्या बाजारात मासळी विकायची. तिने पदराच्या गाठीतून कागदाची एक पुडी काढून माझ्यापुढे ठेवली. पुडीत चार पिवळ्या गोळ्या होत्या.

"साहेब, माजी पोर पोलीस भरतीची तयारी करते. मास्तरनं या गोळ्या दिल्यान. नऊ हजार रुपयं घेतलान. या खाऊन पोर पोलीस व्हईल का नाय, ता सांगा. तुमी पोलीस हाव, तुमाला ठावं असंल."

"मावशी, गोळ्या खाऊन कोणी पोलीस होत नाही. पोरीला काही त्रास होतो का?"

"हात कापतान. छाती धडधडते. झोप नाय. पर धावते मात्र जोरात. म्हून ती आयकत नाय माजं."

चौकशीत कळले ते असे. शहराबाहेरच्या एका मैदानावर तिशीतला एक तरुण भरतीचे वर्ग चालवत होता. तीन महिन्यांचे 'पॅकेज': व्यायामाची सीडी, छापील तक्ता, रोजचा सराव आणि 'रिकव्हरी'च्या, म्हणजे थकवा घालवण्याच्या, गोळ्या. सोबत हमी, धावण्याची वेळ कमी करून दाखवणार. पन्नासेक मुले-मुली त्याच्याकडे धावत होती.

मी मुलीला बोलावून घेतले. वीस वर्षांची, काटक, नजर थेट. ती मलाच सुनावून गेली. "सर, तीन किलोमीटरला माझी वेळ दोन मिनिटांनी कमी झालीय. सरांमुळे. माझी काही तक्रार नाही. आईला उगाच काळजी."

फिर्यादी नाही, तर गुन्हा कसला? शिवाय मला स्वतःलाच कळत नव्हते की यात गुन्हा आहे की नुसता महाग सौदा. लोक स्वखुशीने पैसे देऊन काय काय घेतात. माझ्याच घरी टीव्हीवर बघून मागवलेले पोट कमी करण्याचे यंत्र होते आणि त्यावर टॉवेल वाळत. वस्तू किमतीच्या लायकीची नाही म्हणून विक्रेत्याला अटक करायची ठरवली, तर निम्मा बाजार कोठडीत घालावा लागेल.

तेव्हा मला एका महिला शिपायाची आठवण झाली. ती राज्य पातळीवर धावलेली होती आणि खेळाडूंच्या कोट्यातून खात्यात आली होती. वय सव्वीस, दिसायला त्याहून लहान. मी वरिष्ठांची परवानगी घेतली, डायरीत नोंद केली आणि तिला भरतीची उमेदवार म्हणून त्या वर्गात पाठवले. बजावून सांगितले, "गोळी तोंडात घालायची नाही. आणि मला गुन्हा शोधून आणू नका. तिथे जे आहे ते चांगलं आहे की वाईट, एवढंच सांगा."

दहा दिवसांनी ती आली. सीडी, तक्ता आणि गोळ्यांची पाकिटे टेबलावर मांडली.

"सर, सीडीत काही दम नाही. जुनीच गाणी लावून उड्या मारल्यात. पण तक्ता एकदम बरोबर आहे. कधी जोरात पळायचं, कधी हळू, कधी विश्रांती, सगळं नीट लावलंय. मला माझ्या कोचनं असंच शिकवलं होतं. आणि हा माणूस शिकवतो पण छान. पाय कसा टाकायचा ते प्रत्येकीला वेगळं समजावतो."

"मग पैसे वसूल आहेत म्हणायचे?"

"एक गोष्ट मला उमजत नाही, सर. त्याच्या हजेरीपटात गोळ्यांचा वेगळा रकाना आहे. रोज प्रत्येकाच्या नावापुढे बरोबरची खूण करतो. फक्त एका मुलीपुढे रोज आडवी रेघ. तिला एकही गोळी नाही."

"कोण ती?"

"त्याची सख्खी बहीण."

तपास तिथेच वळला. महाग किंवा निरुपयोगी वस्तू विकणे वेगळे. जी वस्तू आपण घरच्या माणसाला देणार नाही, ती ताकदीची म्हणून दुसऱ्याच्या मुलीला खाऊ घालणे वेगळे. गोळ्या औषध निरीक्षकांमार्फत तपासणीला पाठवल्या. अहवाल आला: दम्याच्या रुग्णांना डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे औषध, तेही भरमसाट मात्रेत. काळीज जोरात चालते, काही दिवस अंगात बळ आल्यासारखे वाटते. पुढे उन्हात धावताना काय होईल याचा भरवसा नाही.

पंचांसमक्ष झडती झाली. गोळ्यांचे खोके आणि हजेरीपट जप्त करून त्याला ठाण्यात आणले.

चौकशीत आरडाओरड करून फारसे काही हाती लागत नाही, हा माझा अनुभव. माणसाला त्याच्या आवडीच्या विषयावर बोलू द्यावे. मी चहा मागवला आणि त्याला धावण्याबद्दल विचारले. तो खुलला. तीनदा भरतीला उतरला होता, तिन्ही वेळा थोडक्यात हुकला होता. मग तक्ता त्याने स्वतः बसवला होता, पाच वर्षे खपून. अर्धा तास तो बोलत होता आणि माझ्या लक्षात आले की हा लबाड नाही. याला खरोखर येते.

मग मी हजेरीपट उघडून त्याच्यासमोर ठेवला आणि बहिणीच्या नावावर बोट टेकवले. "ही रेघ कसली?"

चहाचा कप त्याने खाली ठेवला.

"बहिणीला का नाही दिल्यास?"

त्याने हजेरीपट मिटला. मग म्हणाला, "साहेब, साध्या तक्त्याला कोण पैसे देणार? पळा, विश्रांती घ्या, पोटभर जेवा. हे सांगितलं की पोरं म्हणायची, हे तर आम्हालाही माहीत आहे. पहिल्या वर्षी सहा जण आले, चौघे सोडून गेले. मग एकानं या गोळ्यांचं सांगितलं. आठ दिवसांत फरक दिसतो म्हणाला. पोरांची रांग लागली."

"त्या वाईट आहेत हे तुला माहीत होतं."

"माहीत होतं." एवढे बोलून तो रडू लागला.

गोळ्या पुरवणाऱ्याचे नाव त्याने सांगितले. त्यालाही आम्ही उचलले. फसवणूक आणि औषध कायद्याखाली गुन्हा नोंदवला. पण अजून एकही मुलगा किंवा मुलगी साक्षीला तयार नव्हती. पहिला जबाब दिला तो त्या बहिणीने. एकोणीस वर्षांची पोर, भावाविरुद्ध माझ्या टेबलासमोर बसून सावकाश सांगत होती. "दादा मला म्हणाला, तुला त्याची गरज नाही, तू फक्त पळ. मला वाटलं, मी घरची, पैसे भरत नाही, म्हणून मला गोळ्या फुकट देत नाही."

मी त्याच हजेरीपटात नोंदलेल्या सगळ्यांच्या धावण्याच्या वेळा तिला वाचून दाखवल्या. बाकीच्यांच्या वेळा पहिल्या पंधरा दिवसांत झपाट्याने कमी झाल्या होत्या. नंतर थांबल्या, काहींच्या वाढल्या. तिची वेळ दर आठवड्याला थोडी थोडी कमी होत गेली होती. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी सगळ्या मुलींत तीच पहिली होती.

तिने हजेरीपट स्वतःकडे ओढला. "म्हणजे दादानं मला दिलं तेच खरं होतं. तेच सगळ्यांना दिलं असतं तर."

तिचा जबाब झाल्यावर बाकीचे पुढे आले. मासेवालीची मुलगी सगळ्यात शेवटी आली, तीही रागाने. "सर, तुम्ही माझी दोन मिनिटं काढून घेतलीत." गोळ्या बंद होताच तिची वेळ मूळपदावर गेली होती. तिला उत्तर आमच्या महिला शिपायाने दिले. ड्यूटीच्या आधी, रोज पहाटे, ती त्या मुलींना मैदानावर घेऊन जाऊ लागली. तक्ता तोच. कोणी सांगितले नव्हते, कसला भत्ता नव्हता. पहिल्या भरतीत बहीण लागली. मासेवालीची मुलगी त्या वेळी हुकली, पुढच्या भरतीत लागली. तिची आई पेढे घेऊन आली तेव्हा मी त्या शिपायाला पुढे केले. "मावशी, पेढा हिला द्या. आणि एक तुम्ही घ्या. तुम्ही विचारायला आला नसतात, तर आम्हाला काहीच कळलं नसतं."

त्या तरुणाने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि शिक्षा भोगली.

मी निवृत्त झाल्यावर पनवेललाच राहिलो. डॉक्टरांनी चालायला सांगितले आहे, ते तेवढे करतो. सोबत चालणारे लोक मला अजून विचारतात, अमुक ट्रेनरचे पॅकेज घेऊ का, मोबाइलवरचा तमुक कोर्स चांगला आहे का. मी म्हणतो, विकणाऱ्याला विचारा, तुम्ही हे घरात कोणाला देता? आणि आठ दिवसांत फरक दिसेल असे तो म्हणाला, तर उठून या.

काही वर्षांपूर्वी पनवेलजवळच्या आपटा गावी एका लग्नाला गेलो होतो. परतताना रस्त्याकडेच्या मैदानावर वीसेक मुले धावताना दिसली. शिट्टी फुंकणारा माणूस मला पाहून जवळ आला. केस पिकायला लागले होते, पण मी ओळखले, तोच भरतीच्या वर्गाचा मास्तर.

"फी किती घेतोस?" मी विचारले.

"महिन्याची घेतो, सर. फार नाही. पटलं तर पुढच्या महिन्याची द्या, नाही पटलं तर येऊ नका, असं आधीच सांगतो."

"मुलं टिकतात?"

"निम्मी जातात." तो जरासा हसला. "निम्मी राहतात."

माझी नात तेव्हा शाळेतून धावण्याच्या स्पर्धेत उतरायचे म्हणत होती. पुढच्या सोमवारी मी तिला घेऊन त्या मैदानावर गेलो आणि तिचे नाव घातले.