अंगरख्याची हातशिवण

मी राई गावाहून रिक्षाने येत होते. मुर्ध्याच्या रस्त्यावर डंपर आडवा आल्यामुळे रिक्षा थांबलेली, आणि तेवढ्यात निखिलचा फोन आला. ‘‘स्मिताताई, दादा गेले. सकाळी.’’ खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की याच्या सांगण्यावर विश्वास ठेवावा का? गेल्या वर्षभरात निखिलच्या तोंडून आलेलं काहीही दोनदा तपासून घ्यायची मला सवयच लागली होती, आणि त्याला कारण होता एक अंगरखा. फोन ठेवून मी आमच्या दिग्दर्शक मोकाशी सरांना लावला. ते नुसते ‘‘हो गं’’ म्हणाले आणि रडायला लागले…

अरविंददादा म्हणजे आमच्या हौशी नाट्यसंस्थेचे अरविंद साळवी. विमा कंपनीत नोकरी केली, निवृत्त झाल्यावर गिरगावातली खोली सोडून सुनंदावहिनींबरोबर भाईंदरला इंद्रलोक वसाहतीत राहायला आले. नाटकाचं वेड जुनं, पण वाट्याला यायचे ते शेजारी, पोस्टमन नाहीतर मुलीचा बाप. हाफ शर्ट आणि पॅन्ट हीच त्यांची जन्मभराची रंगभूषा आणि वेशभूषा. मोकाशी सरांनी पेशवाईतलं नाटक बसवायला घेतलं आणि वृद्ध कारभाऱ्याची भूमिका दादांना दिली, तेव्हा कपडे करायचं काम माझ्याकडे आलं. मी घरी ब्लाऊज आणि ड्रेस शिवते. नाटकाचे कपडे ही माझी हौस. जांभळट झाक असलेलं मरून कापड मिळालं, त्याचा पायघोळ अंगरखा बेतला, खाली सुरवार, कमरेला शेला आणि डोक्यावर पगडी.

पहिल्यांदा अंगावर घालून बघायला दादा आले ते लहान मूल जत्रेला निघाल्यासारखे. अंगरखा चढवला, बंद बांधले आणि आरशासमोर उभे राहिले. पगडी डोक्यावर ठेवून नीट केली. मग हळूच म्हणाले, ‘‘स्मिता, हा माणूस मला ओळखीचा वाटतोय गं.’’ त्या दिवशी त्यांनी कपडे उतरवलेच नाहीत. तसेच पगडीसकट इंद्रलोकात उतरले, वाटेत भाजी घेतली. भाजीवाला म्हणाला, ‘‘सेठ, शूटिंग है क्या?’’ दादा म्हणाले, ‘‘शूटिंग नहीं, दरबार है. कोथिंबीर ताजी देना.’’ हे सगळं मला वहिनींनी हसत हसत सांगितलं होतं. घरी चहासुद्धा पगडी घालूनच प्याले म्हणे, आणि बशी धरायची पद्धतही बदलली होती. पुढे ते अंगरखा अधूनमधून घरी न्यायला लागले. ‘‘अंगाला सवय हवी, नाहीतर भाड्याने आणल्यासारखा दिसतो,’’ असं त्यांचं म्हणणं. तालमीत इतरांसमोर अंगरखा चढवायचा, घोळ सावरत दोन गिरक्या घ्यायच्या आणि दाद मिळाल्याशिवाय बसायचं नाही, हा तर ठरलेला कार्यक्रम होता.

नाटक चाललं. आजूबाजूच्या गावांतून बोलावणी यायला लागली. कपड्यांची ट्रंक इंद्रलोकातल्या सोसायटी हॉलमागच्या खोलीत असायची आणि किल्ली निखिलकडे. हा निखिल म्हणजे मीरा रोडचा एक किडकिडीत तरुण, नाटकात शिपाई व्हायचा. पण त्याला दादांची सगळी भूमिका पाठ होती. विंगेत उभा राहून ओठांनी दादांची वाक्यं बोलताना मी त्याला पाहिलं होतं. तेव्हा कौतुक वाटलं. पुढे मात्र…

एका प्रयोगाआधी मी अंगरख्याला इस्त्री करत होते. बगलेखालची शिवण हाताला वेगळी लागली. उलटून पाहिलं तर माझी मशीनची शिवण जागेवर होती आणि तिच्या आत, बोटभर अंतर सोडून, कुणीतरी हाताने धावदोरा घातला होता. वेडेवाकडे टाके, दोऱ्याचा रंगही जरा गडद. दोन्ही बाजूंनी अंगरखा आत घेतलेला. म्हटलं, फाटला असेल, कुणीतरी घाईत शिवला असेल. पण पुढच्या प्रयोगाला खांदे आत गेलेले होते. त्यानंतर बाह्या. माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. कपडा बारीक होतोय, तो कुणासाठी? आमच्यात दादांच्या उंचीचा आणि बारीक असा एकच माणूस होता, आणि ट्रंकेची किल्लीही त्याच्याचकडे होती!

मग मला सगळीकडे तेच दिसायला लागलं. निखिल मोकाशी सरांशी कोपऱ्यात बोलत असला की मी कान देई. दादाही बदलले होते. मेकअपच्या खोलीची कडी लावून एकटेच कपडे बदलायचे, गिरक्या बंद झाल्या होत्या. मला वाटलं, यांना कुणकुण लागली असणार. आपली भूमिका काढून घेतायत हे कळलंय आणि बिचारे गप्प बसलेत. पगडी सैल पडू नये म्हणून आत ठेवलेली कापडाची घडी सापडली, ती मी निखिलच्याच नावावर जमा केली. शेवटी एकदा त्याला हॉलच्या जिन्यात गाठलं.

‘‘अंगरखा कुणाच्या मापाचा होतोय रे?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘नाटक स्टेजवर कर. माझ्यासमोर नको.’’

त्याचा चेहरा पडला. ‘‘ताई, दादा मला त्याला हातपण लावू देत नाहीत. तुम्ही काय बोलताय तेच मला समजत नाहीये.’’ चांगला नट आहे, असं मी मनात म्हटलं.

दादांवर मात्र माझा संशय गेला नाही. ज्या माणसाला शर्टाचं बटण लावता येत नाही, तो खांदे कसे उसवणार आणि का?

पुढे एकदा दुपारी नवा शेला दाखवायला मी न कळवता त्यांच्याकडे गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत खिडकीपाशी, उजेडाकडे तोंड करून, दादा बनियनवर बसले होते. मांडीवर अंगरखा, नाकावर चष्मा, हातात सुई. मला आधी अंगरखा दिसला. मग दादा दिसले… गळ्याची हाडं वर आलेली, दंड मनगटाएवढे झालेले. शर्टावर शर्ट घालून फिरणाऱ्या या माणसाला आम्ही कित्येक महिन्यांत नीट पाहिलंच नव्हतं.

‘‘दार लाव,’’ ते म्हणाले. मग एकदम आवाज चढला, ‘‘तुला सुनंदाने पाठवलं ना? खरं सांग.’’

‘‘नाही हो दादा. शप्पथ.’’

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. नंतर एकेक सांगितलं. पोटातली गाठ. बोरिवलीचं हॉस्पिटल, तालमीला जातोय असं सांगून तिथे जाणं. ‘‘सुनंदाला कळलं तर ती मला घरात बसवेल. मोकाशीला कळलं तर तो भूमिका काढून घेईल, दयेपोटी. दोघांनाही संशय येतोय असं मला सारखं वाटतं. ती दुपारी देवळात जाते, तेवढ्यात हे उरकून घेतो.’’

‘‘द्या इकडे, मशीनवर घालून देते.’’

‘‘नको. तुझी शिवण मोकाशी ओळखतो. विचारेल, स्मिताने का आत घेतला? माझे टाके दिसले तर वाटेल, फाटला होता.’’ त्यांनी अंगरखा जवळ ओढला. ‘‘शर्टात मी आजारी दिसतो गं. ह्यात नाही दिसत. ह्यात मी म्हातारा कारभारी दिसतो, आणि म्हातारा कारभारी बारीक असतोच की.’’

कुणाला सांगायचं नाही असं ठरवून मी निघाले. घरी जाताना मात्र एक गोष्ट पटेना. वहिनींना कसं कळत नसेल? मग वाटलं, त्यांना कळत असेल आणि त्या दादांपासून काहीतरी लपवत असतील. संशयाची सवय लागली की सुटत नाही.

त्यानंतर थोडेच प्रयोग झाले. शेवटच्या प्रयोगात दरबारातून निघून जाताना ते वळले आणि उजव्या हाताने घोळ असा काही सावरला, की टाळ्या थांबेनात. आत आल्यावर खुर्चीत बसले आणि मोकाशी सरांना म्हणाले, ‘‘पुढचा प्रयोग निखिल करेल. त्याला सगळं येतं, मी विंगेत बघितलंय.’’ महिनाभराने ते हॉस्पिटलात गेले आणि परत आले नाहीत. पुढच्या प्रयोगाला अंगरखा निखिलने घातला. तो त्याला खांद्यापासून घोळापर्यंत मापात बसला. मला एक टाकासुद्धा घालावा लागला नाही. मी बंद बांधत होते आणि तो आरशात न बघता माझ्याकडे बघत होता. ‘‘बरोबर होतंय ना, ताई?’’ असं त्याने विचारलं. मी ‘‘बरोबर आहे’’ म्हणाले.

मागच्या आठवड्यात वहिनींना भेटायला गेले. दादांनी काय लपवलं ते त्यांना सांगायचं असं ठरवून गेले होते. चहा ठेवत त्यांनीच विचारलं, ‘‘स्मिता, त्यांची शिवण बरी असायची का गं?’’

‘‘तुम्हाला माहीत होतं?’’

‘‘चष्मा लावूनसुद्धा सुईत दोरा जायचा नाही त्यांच्या. पहिल्या वेळी म्हणाले, शर्टाचं बटण तुटलंय, मरून दोरा ओवून दे. पांढऱ्या शर्टाला मरून दोरा!’’ त्या किंचित हसल्या. ‘‘मग मीच सुया ओवून टोचून ठेवायला लागले. देवळात जाते म्हणून मी सांगायचे आणि खाली बिल्डिंगच्या बाकावर बसायचे. वर आले की सुया रिकाम्या असायच्या. परत ओवायचे.’’

‘‘बोलला का नाहीत, वहिनी?’’

‘‘मी बोलले असते तर ते शिवायचे थांबले असते.’’

त्या कप घ्यायला वळल्या. त्यांच्या मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी कॅलेंडर होतं. त्याच्या कडेला तीन सुया टोचलेल्या होत्या. तिन्हींत मरून दोरा ओवलेला, आणि टोकाला गाठ मारून ठेवलेली.