गुण सांगून झाल्यावर

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, पण खरं सांगू? हसण्यासाठी वाचायचे. कुणाला रस्त्यात बाई दिसली, कुणाच्या घरी भांडी आपोआप वाजली... मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि आम्ही दोघं बसून कारणं शोधायचो. उंदीर. अपुरी झोप. शेजाऱ्यांचा मिक्सर. माझा विषयच कॉम्प्युटर — सोलापुरात एका ज्युनिअर कॉलेजात शिकवते. मशीनमध्ये जे घालाल तेच बाहेर येणार, हे पोरांना सांगून सांगून घसा बसलाय माझा. आणि आता मीच इथे लिहायला बसलेय, त्याची लाज वाटतेय. अर्थात या सगळ्या प्रकरणात ती लाज अगदीच किरकोळ आहे. पुढे वाचा, कळेल.

माझा एक छोटा चॅनेल आहे. मराठीतून व्हिडिओ गेमची परीक्षणं करते. गेम पूर्ण खेळायचा, मग त्यावर बोलायचं — हाताला कसा लागतो, चित्रं कशी आहेत, आवाज कसा, गोष्ट कशी — आणि शेवटी दहापैकी गुण. व्हिडिओत मी दिसत नाही, फक्त गेम दिसतो आणि वरून माझा आवाज. कमेंटमध्ये लोक मला 'पेपर तपासणाऱ्या बाई' म्हणतात, कारण मी हात आखडून गुण देते. मला ते नाव आवडायचं. ओळखीच्यांचा गेम असला तरी एक गुण जास्त दिला नाही कधी.

मागच्या उन्हाळ्यात टेंभुर्णीच्या एका मुलाने त्याचा गेम पाठवला. नाव महेश. एकट्याने बनवलेला. गेममध्ये हायवेच्या फाट्यावर एक बाई चहाचं हॉटेल चालवते. ट्रकवाले येतात, कुणाला साखर कमी, कुणाला फक्त पाणी, कुणाला भजी. ते लक्षात ठेवायचं आणि द्यायचं. दिवस संपला की शटर ओढायचं. शटर पडतं, स्क्रीन काळा होतो, संपलं.

आपल्या जिल्ह्यातला मुलगा, म्हणून उत्सुकतेने बसले. दोनदा पूर्ण खेळले. पण काही मजा नाही हो. चालताना बाईचे पाय जमिनीच्या वर तरंगायचे, ट्रकवाले तेच तेच बोलायचे. मला काहीही वाटलं नाही.

रविवारी दुपारी बेडरूममध्ये रेकॉर्डिंगला बसले. आवाज घुमू नये म्हणून भिंतीला आणि कपाटाला चादरी लावते, पंखा बंद करते. उन्हाळ्यात तिथे भट्टी होते, त्यामुळे मी कधी रेंगाळत नाही. बोलले, शेवटी म्हटलं, "दहापैकी चार." माइक बंद केला, बाहेर आले, पाणी प्यायले. माझ्या आठवणीप्रमाणे एवढंच झालं.

एडिटिंग सचिन करतो, माझा नवरा. चिंचोळी एमआयडीसीत नोकरीला आहे, सुट्टीच्या दिवशी माझं हे काम आवडीने करतो. त्याने संध्याकाळी व्हिडिओ तयार करून टाकला. मी पुन्हा पाहिला नाही. कधीच पाहत नाही, स्वतःचा आवाज ऐकवत नाही मला.

दुसऱ्या दिवशी कमेंट यायला लागल्या. 'मॅडम, तो शेवटचा सीन कुठे आहे? आमचा गेम शटरवर संपतो.' 'काही वेगळं केल्यावर दिसतो का?' एकाने तर लिहिलं होतं, 'शेवटी काटा आला.' माझ्या परीक्षणाने कुणाला काटा कशाला येईल? मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या कोपऱ्यात इअरफोन लावून व्हिडिओचा शेवट ऐकला.

"दहापैकी चार." स्क्रीन काळा. थोडी शांतता. आणि मग माझाच आवाज —

"शटर पडल्यावर ती मागच्या पायरीवर बसते. पाय चोळते. एक कप च्या ओतून बाजूला ठेवते. आणि म्हणते... आलास व्हय? बस हितं. निवलाय बघ च्या."

बस. एवढंच.

आवाज माझा होता, त्यात शंका नाही. पण आमच्या घरात कुणी 'च्या' म्हणत नाही, 'हितं' म्हणत नाही. आणि ज्या सावकाशीने, ज्या मायेने ते म्हटलं होतं... तसं मी कुणाशी बोललेलं मला आठवत नाही. पुढच्या तासाला वर्गात काय शिकवलं ते विचारू नका.

घरी जाऊन आधी सचिनला धरलं. "तू काय जोडलंस शेवटी?"

"मी? काही नाही. तूच बोललीस की."

"तू ऐकलं होतंस हे?"

"ऐकलं ना. स्क्रीन काळा राहिला तरी चालेल म्हणून तसंच ठेवलं." मग म्हणाला, "चांगलं वाटलं मला. तू पहिल्यांदाच एखाद्या गेमबद्दल मनापासून बोललीस, असं वाटलं."

मूळ रेकॉर्डिंग उघडलं. त्यातही होतं. कापाकापी नाही, जोड नाही, सलग. गेमच्या फाइली उघडून बघितल्या, त्यात पायरी नाही की कप नाही. कुणी खोड्या करायला माझा नकली आवाज बनवला म्हणावं, तर तो आमच्या बेडरूममधल्या रेकॉर्डिंगमध्ये कसा घालणार?

त्याच आठवड्यात महेशचा फोन आला. मला वाटलं चार गुणांवरून भांडणार. बनवणारे भांडतातच.

"मॅडम, गुणांचं काही नाही. चार बरोबर आहेत, गेम तसाच झालाय. फक्त एक विचारायचं होतं." मग म्हणाला, "तो पायरीचा सीन तुम्हाला कुणी सांगितला?"

मी फोन घेऊन किचनमध्ये गेले.

"मी केला होता तो आधी. मला बघवेना म्हणून काढून टाकला, गेम बाहेर यायच्या आधीच. कुणाला दाखवला नव्हता, माझ्याकडेही शिल्लक नाही. आमच्या आईचं हॉटेल होतं फाट्यावर. मी तेव्हा पुण्याला नोकरीला. घरी यायचो तेव्हा ती माझा चहा ओतून ठेवायची. शेवटच्या आजारपणात मी पोचलो नव्हतो, तर दाराकडं बघून हेच म्हणायची म्हणे. फक्त आप्पांनी, माझ्या वडिलांनी, ऐकलेलं. त्यांनी मला एकदाच सांगितलं."

आता इथे मी खरं सांगायला हवं होतं. की बाबा रे, हे मी बोललेच नाही. तुझा गेम दोनदा खेळले आणि मला काही वाटलं नाही. तोंडाशी आलं होतं. पण समोरून तो मुलगा नाक ओढत होता, आणि मी म्हटलं, "असंच... खेळताना जाणवलं मला."

"एवढं जाणवलं मॅडम?"

"हो."

फोन ठेवला आणि किचनच्या ओट्याला टेकून उभी राहिले. जे मला वाटलंच नव्हतं, त्याबद्दल एक मुलगा मला रडत रडत धन्यवाद देत होता आणि मी ते घेतले होते.

त्याने तो सीन पुन्हा बनवला, गेममध्ये घातला, मला पाठवला. मी मोबाइल दूर ठेवून, दार लावून बसले. मनात म्हटलं, आता तरी पोचू दे. शटर पडलं. बाई मागच्या पायरीवर बसली, पाय चोळले. हात जरा पायातून आरपार जात होते. कप ठेवला. खाली अक्षरं उमटली, तीच वाक्यं. मी वाट बघत राहिले.

काही नाही. मला फक्त ते आरपार जाणारे हात दिसले.

मग त्याने बोलावलं. आप्पांना तुम्हाला बघायचंय, म्हणाला. मी टाळत होते, पण सचिन म्हणाला, म्हातारा माणूस आहे, जाऊन येऊ. एका रविवारी सकाळी एसटीने निघालो. सचिनला कंपनीचं गेट दिसलं तसं तो काहीतरी विनोद करत होता, मी ऐकत नव्हते. पूर्ण रस्ताभर मी मनात एकच वाक्य तयार करत होते — आप्पा, ते मी बोलले नाही.

हॉटेलच्या जागी आता टायरचं दुकान आहे. मागे घर. आप्पा अंगणात बाजेवर बसले होते, अंगात धुतलेला सदरा. माझ्याकडे त्यांनी नीट निरखून बघितलं.

"लई लहान हायस की गं तू," म्हणाले. "मला वाटलं मोठी बाई आसल." मग सचिनकडे वळून, "महेशनं लावलं तवा मी म्हनलं, आरं, ही शालन बोलतीया. आवाज येगळा हाय, पर बोलतीया शालनच."

शालन म्हणजे महेशची आई.

महेशने चहा आणला. बशी माझ्या हातात देत जरा लाजत म्हणाला, "मॅडम, नवीन सीन बघितला न्हवं? आता किती देताल?"

आप्पा माझ्याकडे बघत होते. त्यांना दहापैकी म्हणजे काय तेही माहीत नसावं, पण पोराची परीक्षा चाललीय एवढं कळलं होतं.

"नऊ," मी म्हटलं.

महेशने मान खाली घातली. आप्पा खुशीत म्हणाले, "चांगलं हाय का? चांगलं हाय न्हवं!" सचिन माझ्याकडे बघत राहिला. त्याला माहीत होतं मी नऊ कुणालाच देत नाही.

आणि मग आप्पा पुढे सरकले. "पोरी, येवढ्या लांबनं आलीयास. त्ये म्हन की एकदा."

"काय, आप्पा?"

"त्येच. शालनचं. तुज्या तोंडनं ऐकू दे."

तेव्हाही सांगता आलं असतं. आप्पा, मला नाही येत, ते मी नव्हते. पण एकदा नऊ म्हणून बसले होते ना... मी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हटलं, "आलास व्हय? बस हितं. निवलाय बघ च्या."

धडा वाचल्यासारखं झालं. आप्पांनी डोळे मिटले होते, ते मिटलेलेच. अजून काहीतरी येईल म्हणून थांबले होते. मग मी — हे लिहिताना अंग आक्रसतंय — मी पुन्हा म्हटलं. या खेपेला हेल काढून. मायेने म्हणते तसं करून. एका मेलेल्या बाईची नक्कल तिच्याच अंगणात, तिच्या नवऱ्यासमोर, तिच्या पोरासमोर.

आप्पांनी डोळे उघडले.

"न्हाय," हळूच म्हणाले. "तसं न्हवतं."

टायरच्या दुकानात कुणीतरी लोखंड आपटत होतं. आप्पांनाच माझी दया आली असावी. "आसू दे, आसू दे. च्या घे," म्हणाले.

तो चहा मी कसा संपवला माझं मला माहीत.

महेश स्टँडपर्यंत सोडायला आला. सचिन तिकिटाच्या सुट्ट्या पैशांसाठी पाण्याची बाटली घ्यायला गेला, तेव्हा मी म्हटलं, "महेश, नऊ खरे नव्हते."

"व्हय," तो म्हणाला. "कळलं मला."

"आणि ते बोलणं... व्हिडिओतलं. ते मी बोलले नाही. कुठून आलं मला माहीत नाही. फोनवर खोटं बोलले मी तुझ्याशी. मला काहीच जाणवलं नव्हतं."

त्याने रागवावं असं मला खूप वाटत होतं. त्याने रस्त्यावर बस येतेय का ते बघितलं.

"आप्पांसमोर नऊ म्हणालात ते बरं केलंत," म्हणाला. मग विचारलं, "खरे किती?"

"साडेचार."

तो हसला. "अर्धा वाढला की."

बस आली. मी खिडकीतून हात केला नाही, मान वर करायची हिंमत नव्हती.

घरी आल्यावर सचिनने फक्त एवढंच विचारलं, "मग तो आवाज कुणाचा?" त्याला त्या दुपारपर्यंत, माझी ती नक्कल ऐकेपर्यंत, खरंच वाटत होतं की ते मीच बोलले आणि विसरले. अजूनही अधूनमधून तो तसंच म्हणतो — उकाड्याने ग्लानी आली असेल, बोलून गेली असशील. असेल. पण मग शब्द? जे एका म्हाताऱ्याने ऐकले आणि एका मुलाने पुसून टाकले, ते माझ्या तोंडात आले कसे? आवाजाच्या कामातल्या एका ओळखीच्याला फाइल दाखवली. तो म्हणाला, आवाज तुमचाच, एका दमात बोललेला, यात काय शोधायचंय? त्याला पुढचं काही सांगितलं नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा. मला सुचलेलं नाही.

व्हिडिओ काढून टाकणार होते. महेश नको म्हणाला. आप्पा अजून लावायला सांगतात, फक्त शेवटचा भाग.

चॅनेल चालू आहे. परवाच एका मोठ्या परदेशी गेमचं रेकॉर्डिंग केलं. चादरींच्या मधे बसून सगळं नीट बोलले, गुण सांगितले. आणि माइक बंद केला नाही. हल्ली करतच नाही लगेच. घाम गळत असतो, बाहेरून सचिन हाक मारत असतो, आणि मी तोंड जरासं उघडं ठेवून बसून राहते... पुन्हा काही येतंय का म्हणून.