दसऱ्याच्या आत एक गाडी

मीठ पडलं की भाजीला पाणी सुटतं, तसे गाडीच्या शोरूममध्ये गिऱ्हाईक आलं की किस्से सुटतात. आमचे हे गंगापूर रोडला छोट्या गाड्या विकायचे, मी नव्या गाड्यांचं औक्षण करायला जायचे. बाकीच्यांच्या गाड्या जात होत्या, यांची एकही नाही. साहेबांनी बजावलं, "दसऱ्याच्या आत एक तरी विका, नाहीतर घरी बसा!" तेव्हापासून मी रोज औक्षणाचं तबक घासूनपुसून तयार ठेवायचे.

*

वणीकडचे एक दादा आख्खं घर घेऊन आले. "फॅमिलीची गाडी ना? मग फॅमिली बसवून बघतो!" आजी, सुना, लेकरं, सगळी कोंबली. राहिले दादाच. काचेतून बघत म्हणाले, "गाडी लय भारी हाय. पण मी काय, मागून यष्टीनं येऊ?"

*

भाजीवाले तात्या टेस्ट ड्राइव्हला कोथिंबीर घेऊन आले. पुढे काकू, मागे जुड्या. एसी लावला तर काकू ओरडल्या, "अहो, मागं वारं लागत नाय! माल कोमेजंल!" द्वारका चौकापर्यंत काकू मागे, कोथिंबीर पुढे बसून गेली. बेल्ट लावून!

*

एका मास्तरांना चालवायला दिली, तर वाटेत पेट्रोल संपलं. मास्तर जन्मभर स्कूटरवाले. बायकोपोरांना म्हणाले, "उतरा! एका बाजूनं उचला, तिरकी केली की होते चालू!" हे नको नको म्हणेपर्यंत सगळे भिडले. गाडी हलेना. मास्तर हात झटकत म्हणाले, "छे! आपली स्कूटरच बरी."

*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या लहानग्या सोनीला सांभाळणारी शेजारीण गावाला गेली, म्हणून पोरीला शोरूमला न्यावं लागलं. साहेबांना तिथे पोरं चालत नसत. ती रडायला लागली, तशी मी तिला नव्या गाडीत मागच्या सीटवर लपवली. काचा उघड्या ठेवल्या, तरी जीव टांगणीला. पण पोरगी झोपली!

तेवढ्यात एक आजी मुलाला घेऊन आल्या आणि नेमकं तेच दार उघडलं. साहेब लालबुंद. "हे काय?"

"शू! लेकरू निजलंय," आजी म्हणाल्या. "आमचा नातू कुठल्याच गाडीत निजत नाय. बाळू, हीच घे."

हे म्हणाले, "आजी, अगदी अशीच दुसरी..."

"दुसरीत पोर निजंल याची काय गॅरंटी?"

कागद झाले. मी सोनीला उचलायला गेले, तर आजींनी हात धरला. "निजलेलं लेकरू उठवू नये, बाई. घरापर्यंत सोडतो." मी कुजबुजत औक्षण केलं. नारळ फोडायला साहेब स्वतः चौकात गेले!

मीही सोनीजवळ बसले. आमचं दार आलं, पण गाडी थांबली की सोनी चुळबुळ करी. आजी म्हणत, "फिरव रे बाळू!" पुन्हा दार, पुन्हा चक्कर. तोवर हे घरी येऊन दारात उभे. ओरडले, "अगं, उतरत का नाहीस?"

आजींनी खिडकीतून हात हलवला. "घाबरू नका! पोरगी उठली की परत देऊ!"