निमाक्काच्या बायोडाटातली रिकामी ओळ

माझी थोरली बहीण निमाक्का गेली त्याला आता दीड महिना झाला. फोन आला तेव्हा मी धामापूरच्या घरी अंगणात काजूबिया वाळत घालत होते. जामसंड्याहून तिची शेजारीण बोलत होती. "गो, निमाक्का खुर्चयेरच गेली," एवढंच म्हणाली... मी पोचले तेव्हा पडवीतल्या टेबलावरचा प्रिंटर अजून चालू होता आणि कुणाचा तरी बायोडाटा छापून बाहेर पडला होता. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात. अक्काबद्दल तसं लिहायला मला काही खोटं बोलावं लागणार नाही. जे अजून हिंडत-फिरत आहेत त्यांच्याबद्दल मात्र मी असं काही कबूल केलेलं नाही.

त्या पडवीत बसून ती लोकांना नोकरीचे अर्ज आणि बायोडाटा करून द्यायची. येणारी मुलं बहुतेक लग्नाच्या बायोडाटाचाच कागद घेऊन येत. वर 'श्री देव रवळनाथ प्रसन्न', खाली रास, नक्षत्र, उंची, मामाचं गाव. अक्का चष्म्यावरून बघत विचारायची, "नोकरी व्हयी की न्हवरो?" एकदा आरोंद्याची एक मुलगी हॉटेलातल्या जागेसाठी आली. तिने लिहून आणलं होतं : मेहनती, होतकरू, प्रामाणिक. अक्का म्हणाली, "पेटयेर देवगड लिवला म्हणान आतलो आंबो देवगडचो आसता काय? तू काय केलंस ता सांग." मुलगी म्हणे, काही नाही, घरीच होते. अर्धा तास खोदून विचारल्यावर कळलं की बचतगटाच्या खानावळीचं फोनवरचं सगळं बुकिंग ती एकटी घेत होती, गोव्याच्या लोकांशी कोकणीत आणि पुण्याच्या लोकांशी पुस्तकी मराठीत. अक्काने तिला गटाकडून दोन ओळींचा दाखला आणायला लावला आणि मगच ते सगळ्यात वर टाइप केलं. मुलगी नोकरीला लागली. अक्काचा नियमच होता, "जेचो कागद नाय, ता लिवचा नाय."

याच नियमाने तिचा घात केला. पडवीत बसण्याआधी तिने एका शिक्षणसंस्थेचं ऑफिस अकरा वर्षं सांभाळलं होतं. संस्थेचं नाव लिहू नका असं या पुरवणीच्या संपादकांनी बजावलंय, आणि जामसंड्यात ते सांगायची गरजही नाही. संस्थेने तिला नेमणुकीची ऑर्डर कधी दिलीच नाही. 'होईल, होईल' म्हणत राबवून घेतलं आणि कायम जागा आली तेव्हा चेअरमनांनी तिथे आपला भाचा बसवला. अक्का भांडली नाही. दुसरीकडे अर्ज करता यावा म्हणून तिने फक्त अनुभवाचा दाखला मागितला. सात वेळा गेली. सातव्या वेळी मी सोबत होते. चेअरमन आमच्याकडे न बघता म्हणाले, "बाई, तुमची नोंदच नाही आमच्याकडे." त्या दिवसापासून तिच्या स्वतःच्या बायोडाटात 'अनुभव' या शब्दापुढची ओळ रिकामी राहिली. मी म्हणायचे, लिही गो, कोण विचारतंय? ती मान हलवायची. त्या रिकाम्या ओळीसकट तिने किती अर्ज केले देव जाणे... एकाही ठिकाणाहून बोलावणं आलं नाही.

पुढे एकदा तो भाचाच तिच्यासमोर येऊन बसला. त्याला मोठ्या कॉलेजात नोकरीसाठी अर्ज करायचा होता. सोबत मामांच्या सहीचा दाखला होता : 'प्रवेशाचे संपूर्ण काम यांनी संगणकावर आणले.' ते काम अक्काचं होतं. दोन उन्हाळे ती त्यासाठी माहेरपणालासुद्धा आली नव्हती. कागद होता, म्हणून तिने ते निमूट टाइप केलं आणि दाखल्याची एक झेरॉक्स फाइलला लावली. मी म्हटलं, "अक्का, तुका काय्येक वाटणा नाय?" ती म्हणाली, "वाटता गो. पण ह्या टेबलार खोटा काम करूचा नाय." तिने कुणाचं वाईट चिंतलं नाही. मी रोज चिंतते.

शोकसभेला चेअरमन आले, माईक हातात घेतला आणि गहिवरून म्हणाले, "अकरा वर्षं निमाताईंनी आमचं ऑफिस एकटीने सांभाळलं. प्रवेशाचं काम संगणकावर आणलं ते त्यांनीच." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मी त्यांना स्वतःच्या हाताने चहा नेऊन दिला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "सर, किती छान बोललात. लेटरहेडवर द्याल? पुरवणीत छापायचं आहे. कोणत्या सालापासून तेही घाला." नाव छापून यायचं म्हटल्यावर माणूस विरघळला. दुसऱ्याच दिवशी शिपाई शोकसंदेश घेऊन आला. जावक क्रमांक, सही, शिक्का, सालं, सगळं जिथल्या तिथे. जिवंतपणी सात खेपांत जे मिळालं नाही ते मेल्यावर घरपोच आलं.

मी तो पडवीतल्या फळ्यावर टाचून टाकला. शेजारी भाच्याच्या दाखल्याची झेरॉक्स. काम एक, माणसं दोन, सही एकच. येणारेजाणारे थांबून दोन्ही वाचतात. आठवड्याभरात चेअरमनांचा फोन आला, तो कागद काढा म्हणून. मी विचारलं, "कुठला कागद, सर? त्याची नोंदच नाही आमच्याकडे."

मग मी तिच्या खुर्चीत बसले, तिच्या बायोडाटाची फाइल उघडली आणि 'अनुभव'पुढे अकरा वर्षं लिहिली. आता कागद होता. दोनदा चुकलं... अक्काला आवडायचं तसं सगळं एका पानात बसलं. पाठवायचं कुठे ते कळेना. म्हणून तुमच्याकडे पाठवते आहे.