चीत झालेल्याला मारायचा नियम

आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला मीच. जुळे सोलापुरात भाड्यानं राहतो आणि रविवारी दुपारी मोबाईलवरच्या मारामारीच्या गेमची ऑनलाइन स्पर्धा भरवतो. खेळण्यात मी बेताचाच. माझं डोकं नियमांत चालतं. कधी उडी बंद, कधी मोबाईल देईल तोच गडी घ्यायचा, कधी जिंकणाऱ्याचा पुढचा गडी हरलेल्यानं ठरवायचा. नियम बदलला नाही तर पोरं सुस्तावतात. बदलला की त्यांना घाम फुटतो, आणि तो बघायला मला आवडतं.

मामाचा मुलगा अकलूजजवळ गावात असतो. तालमीत वाढलेला. गुडघा गेला, कुस्ती सुटली, तेव्हा हा गेम मीच त्याला शिकवला. मामा जुना पैलवान; पोरगं त्याला आबा म्हणतं. गुडघा गेल्यापासून पोराशी धड बोलत नव्हता. पोरगं इकडं जिंकायला लागलं. फक्त समोरचा पाठीवर पडला की हा मागं सरकायचा आणि तो उठेपर्यंत उभा राहायचा.

"चीत झालेल्याला हात लावत न्हाईत, दादा."

बघणारे लिहायचे, "पैलवान, च्या प्यायला गेला काय?" आणि निघून जायचे.

म्हणून फायनलला मी नियम केला: समोरचा पडल्यावर मागं सरकलं की राऊंड गेला.

त्याचा फोन आला. "दादा, ह्यो माझ्यासाठीच केलास न्हवं?"

"व्हय."

"आबा बघणार हायती. पयल्यांदाच. लई मागं लागून बसवलंय त्यांना. एवढा रविवार सोड की."

"खेळ तुझा, नियम माझे. आधी बारावी पास हो, मग मला नियम शिकव."

"बरं," म्हणाला.

पहिल्या राऊंडला त्यानं गडी आडवा केला आणि सवयीनं मागं सरकला. मी माईकवर सांगितलं, राऊंड गेला. सगळे खिदळले. दुसऱ्यात पाडला, क्षणभर थांबला, मग पडल्यापडल्याच मारला. उठू दिलाच नाही. तिसराही तसाच. त्या दिवशी बघणाऱ्यांतलं कुणी हललं नाही.

मी विजेता जाहीर केला. त्याचा माईक चालूच होता. मागून मामाचा आवाज आला, "पडल्याला मारलंस व्हय रं?"

मग चपला ओढल्याचा आवाज आणि दार.

"आबा, नियमच तसा हाय," तो म्हणाला. दाराला म्हणाला असणार. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. कुणीतरी त्यावर हसऱ्या तोंडांची रांग टाकली.

तो पुन्हा खेळायला आला नाही. मामी फोनवर विचारते, तू काय बोललास का रे त्याला, जेवताना दोघं तोंडं फिरवून बसतात. मी सांगतो, मामी, जिंकला की तो.

नियम मी काढलेला नाही. पोरं तोच मागतात.