हळदीतलं कोकम सरबत

आज दुपारी निर्मळ गावी चुलतभावाच्या हळदीत मी कडाकडा भांडून आलेय. डोकं अजून तापलेलंच आहे.

आमच्याकडे हळदीला दारू असली की बाटल्या सांभाळायला घरातलाच एक भरवशाचा माणूस बसवतात. आज नवरदेवाचा धाकटा भाऊ निलेश बसला होता. नवरदेवाच्या ऑफिसातली रिया त्याच्याकडे कोकम सरबत मागायला आली. ती दारू पीत नाही, हे त्याला पक्कं माहीत. मी मागेच उभी होते. तिची पाठ वळताच या पठ्ठ्याने तिच्या ग्लासात व्होडका ओतली आणि मित्राला म्हणाला, "दोन ग्लास जाऊ देत पोटात, मग बघू कशी नाही म्हणते!"

मी ग्लास हिसकावून घेतला. तर म्हणतो, "ताई, मस्करी गं! जरा मोकळी झाली असती."

मोकळी? शुद्धीत नाही म्हणणाऱ्या मुलीला झिंगवून हो म्हणायला लावायचं, ही मस्करी?

तोच ग्लास मी काकीपुढे, म्हणजे त्याच्या आईपुढे धरला आणि रियासमोरच सगळं सांगितलं. रियाचा चेहरा पांढराफटक पडला. काकी म्हणाली, "हळू बोल, पाहुणे ऐकतील. आणि मुलींनी तरी कशाला यावं अशा ठिकाणी?"

अशा ठिकाणी म्हणजे कुठे, काकी? आपल्याच मांडवात?

बाटली चोरीला जाऊ नये म्हणून आम्ही राखणीला माणूस बसवतो. तुमच्या हळदीतही बसवत असाल. त्याच्यावर लक्ष कोण ठेवतं?