दादाची इटलीतली गिरजा

आमच्या दादाचं इटलीतल्या कुठल्याही बाईवर कधीच प्रेम बसलं नव्हतं. ते मी जमवलं होतं.

लढाईचे दिवस. माझा थोरला भाऊ गणपत फौजेच्या खच्चर-पलटणीत भरती होऊन समुद्रापार इटलीत गेलेला. (घरच्या बैलाशीसुद्धा त्याचं पटत नसे. तो खच्चराशी कसा वागत असेल, याची आईला, आणि खच्चराला, कायम काळजी!) जाण्याआधी सोनपेठच्या माणिकतात्यांच्या कावेरीशी त्याची सुपारी फुटली होती. परत आला की लग्न.

दादाला लिहिता-वाचता येत नव्हतं. पलटणीतला मुनशी त्याची पत्रं उर्दूत लिहून द्यायचा. आणि चुडावा स्टेशनापासून कोसभर आत असलेल्या आमच्या गावात उर्दू वाचणारा विद्वान एकच होता. मी! निजामाच्या राज्यात शाळा उर्दूतून. परभणीला राहून मी मिडल पास झालो होतो, तेही दुसऱ्या झटक्याला. पण हा झटक्यांचा हिशेब गावाला कुठं माहीत? मी नुसता घसा खाकरून "अलबत्ता" म्हटलं, तरी म्हातारी माणसं वाटेतून बाजूला व्हायची.

त्या दिवशी माणिकतात्या खुशाली विचारायला आले होते. चुलीवर पुरण शिजत होतं. आणि नेमकं तेव्हाच दादाचं पत्र आलं.

"वाच की अनंता, जावईबापूंचं," तात्या लोडाला टेकत म्हणाले. "आमी बी ऐकतो. पोरगी रोज विचारायलीय, कधी येनार म्हणून."

मी टोपी सारखी केली. मुनशीची उर्दू झोकदार होती. सुरुवातीलाच दादा ज्या गावी होता, त्या गावाचं नाव होतं. आता उर्दूत अर्धे स्वर कोणी लिहीत नाही, ते वाचणाऱ्यानं आपल्या अकलेनं भरायचे असतात. (इथंच सगळा घोटाळा!) त्या नावातलं मला 'और' तेवढं लागलं. और म्हणजे आणि. मी "आणि" म्हणून पुढं सरकलो. अख्खं गाव गडप!

पुढचं वाक्य होतं, 'यहाँ का गिरजा बहुत खूबसूरत है.'

मी थबकलो. मुनशीचं व्याकरण चुकलं होतं. गिरजा जर बाई, तर 'यहाँ की' पाहिजे. मी मोठ्या मनानं ती चूक मनातल्या मनात दुरुस्त केली आणि अर्थ सांगितला, "हितली गिरजा लय देखणी हाय."

"कोन गिरजा?" आई पोळपाट टाकून बाहेर आली.

"असंल कुनी. पुढं ऐक. काळे-पांढरे पट्टे, आनि समोरून सोनंच सोनं."

"पट्ट्यापट्ट्याचं लुगडं!" आई म्हणाली. "आनि एवढं सोनं घालून फिरती? कुना घरची हाय?"

"इटलीत गिरजा कुठून आली पन?" आमच्या वडलांना, आबांना, शंका आली. ती शंका बरोबर होती. पण आबा शाळेत गेले नव्हते, म्हणून मी तिकडं लक्ष दिलं नाही.

'यहाँ का चाह भी मशहूर है.'

"च्या म्हणतोय गं बाई," आईचा जीव भांड्यात पडला. "थंडी असंल तिकडं. च्या पीत असंल लेकरू."

"आई, ही उर्दू हाय," मी म्हणालो. "चाह म्हणजे प्रेम!" (इथंही मुनशीनं 'का' लिहिलं होतं. एकाच पत्रात दोन चुका! मला त्या मुनशीची कीव आली.) "हितलं प्रेम बी मशहूर हाय. लय खोल हाय. अडीचशे पायऱ्या हायती."

"प्रेमाला पायऱ्या?" तात्यांचं पान चघळणं थांबलं.

"म्हणजे हळूहळू वाढलेलं," मी खुलासा केला. "आनि हे सगळं पोप नावाच्या एका मानसानं घडवून आनलं. तो दुश्मनाला भिऊन पळून येऊन तिथं लपला होता."

"फरारी मध्यस्थ!" आबा ओरडले.

मी थांबायला हवं होतं. पण अंगात विद्वत्ता संचारली की माणूस थांबतो का? मी शेवटचं वाक्य ठणकावून वाचलं, "मी आनि माझं खच्चर ह्याच्यात उतरलो. उतरायची वाट वेगळी, चढायची वाट वेगळी. कुनी कुनाला बघत न्हाई!"

तात्या उठले. त्यांनी पागोटं डोक्यावर ठेवलं.

"पावनं, खच्चराचं आमाला काई म्हणनं न्हाई," ते म्हणाले. "पन आमची कावेरी कुन्या गिरजेची सवत व्हायची न्हाई. दिवाळीपर्यंत थांबतो. पोरगं तिला सोडतो म्हणून कळवतंय का बघा. न्हाईतर सुपारी परत."

पुरणपोळी न खाता ते निघून गेले. आमच्या घरून पुरणपोळी न खाता उठलेला तो पहिलाच माणूस.

मग काय विचारता! दुपारपर्यंत गावभर झालं की गणपतनं इटलीत पट्टेवाली बाई ठेवली. बायका आईच्या सांत्वनाला येऊ लागल्या. 'ती आल्यावर चूल एक का दोन?' यावर ओट्यावर दोन तट पडले. आई रडत होती, आणि मला मात्र आतून गुदगुल्या होत होत्या, की एवढं अवघड पत्र कसं झरझर वाचलं!

उत्तरही अर्थात मीच लिहिलं. चोख उर्दूत. 'गिरजा फौरन छोड़ दो. चाह से बाहर निकलो. पोप का भरोसा मत करो. माँ रो रही है.'

दिवाळी चार दिवसांवर आली तेव्हा जबाब आला. या खेपेला मराठीत! दादानं घाबरून साताऱ्याकडचा एक जवान गाठला होता आणि त्याच्याकडून लिहून घेतलं होतं. सोबत चित्रांची दोन कार्डं.

'आई, रडू नको. मी किरिस्ताव झालो नाही. गिरजा म्हणजे त्यांचं देऊळ. नुसतं बघायला गेलो होतो. मी बारवेत पडलोही नाही. पाणी बघून वर आलो. मुनशी बारवेला चाह म्हणतो. पोप आमच्या पलटणीत नाही, त्याला मरून कैक पिढ्या झाल्या. तो त्यांचा मोठा धर्मगुरू. रोमवर शत्रू आला तेव्हा पळून ह्या ऑर्व्हिएतो गावात राहिला. गाव तुटलेल्या कड्यावर आहे, दौलताबादेसारखं. वेढा पडला तर पाणी कुठलं, म्हणून त्यानं बारव खोदवली. दोन जिने गोल गोल जातात, पण एकमेकांना भेटत नाहीत. एकानं खच्चर रिकामं उतरतं, दुसऱ्यानं पाणी घेऊन चढतं. गावाच्या पोटात भुयारं आहेत, भिंतींत कबुतरांचे खण आहेत. सगळं फार बघण्यासारखं आहे. अनंताची तब्येत बरी आहे ना? त्याचं पत्र ऐकून मुनशी म्हणाला, ह्याला ताप डोक्यात गेलाय.'

आबांनी दोन्ही कार्डं उलटीसुलटी पाहिली आणि माझ्या हातात दिली.

"सोनपेठला तूच जायचं," ते म्हणाले. "आनि तिथं उर्दू बोलायची न्हाई."

तात्यांनी एक कार्ड उजेडात धरलं. "आरं, ही तर बारव!"

"अलब..." मी म्हणालो आणि गिळलं.

"आनि गिरजा कुठंय?" दाराआडून कावेरीचा आवाज आला.

मी दुसरं कार्ड पुढं केलं. काळ्या-पांढऱ्या दगडांच्या पट्ट्यांचं भलंमोठं देऊळ, पुढच्या भिंतीवर सोनेरी चित्रं. "हीच," मी म्हणालो. "म्हणजे, हाच."

आत असं हसू फुटलं की तात्यांची गायसुद्धा वळून बघू लागली. कावेरीची आई मात्र डोळे पुसत म्हणाली, "पोरगी इतके दिवस धड जेवली न्हाई हो." तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या दोन दुरुस्त्यांपायी एका पोरीनं उपास काढले होते!

लढाई संपली, दादा आला, लग्न लागलं. सगळ्यांनी नवरीला उखाण्याचा आग्रह केला. मी पुढंच बसलो होतो. वहिनींनी पदर सावरला आणि माझ्याकडं बघून खणखणीत आवाजात म्हटलं,

"इटलीच्या डोंगरावर बारव हाय खोल,
गणपतरावांचं नाव घेते, दिराची उर्दू फोल!"

मांडव दणाणला. सगळ्यांत मोठ्यानं माणिकतात्या हसले, आणि त्या दिवशी त्यांनी मोजून सहा पुरणपोळ्या खाल्ल्या.

तेव्हापासून आमच्या घरी पत्र आलं की ते वाचायचं मी, आणि त्याचा अर्थ सांगायचा दादानं. दादाला अजून एक अक्षर वाचता येत नाही. पण घरात मान्य होतो तो त्याचाच अर्थ!